मॉडेलशिवाय शोध: हेस्टॅकच्या एका गृहीतकाची चिकित्सा



वेब प्रोग्रॅमिंग शिकताना शोधाची सोय तुम्ही पहिल्यांदा बहुधा स्वतःच्या डेटाबेसवर केली असेल. पुस्तकांचा एक तक्ता, त्याचे एक मॉडेल, आणि त्या मॉडेलवर शोधाची चौकट. जँगो वापरणाऱ्यांच्या हातात अशा वेळी हमखास ‘हेस्टॅक’ ही लायब्ररी येते. डॅनियल लिंडस्ली यांनी सुरू केलेली ही लायब्ररी आजही कितीतरी अभ्यासक्रमांच्या प्रकल्पांत दिसते. या पाठात आपण ती कशी बसवायची हे पाहणार नाही. त्यासाठी तिचे दस्तऐवजीकरण चांगले आहे. आपण तिच्या एका गृहीतकाची चिकित्सा करणार आहोत. ते गृहीतक असे: ज्यात शोधायचे ते सर्व आपल्याच डेटाबेसमध्ये, आपल्याच मॉडेलच्या रूपात आहे.

समजा तुमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयाला प्राध्यापकांच्या शोधनिबंधांचा शोध हवा आहे. हे निबंध तुमच्याकडे नाहीत. त्यांच्या नोंदी क्रॉसरेफ या संस्थेकडे आहेत आणि तिचा एपीआय सर्वांना खुला आहे. एका विनंतीत जास्तीत जास्त १००० नोंदी मिळतात, पुढच्या पानासाठी ‘कर्सर’ नावाची खूण परत पाठवायची असते, आणि लेखकाच्या ऑर्किड क्रमांकाने नोंदी गाळून घेता येतात. उत्तर जेसनमध्ये येते. ग्रंथपाल म्हणतात, या नोंदी आपल्या संकेतस्थळावर शोधता आल्या पाहिजेत. तुम्ही हेस्टॅक उघडता आणि पहिल्याच पायरीवर ते विचारते: मॉडेल कोणते?

हेस्टॅक हा प्रश्न का विचारते ते आधी समजून घेऊ. सोलर, इलॅस्टिकसर्च, व्हूश ही सारी शोधइंजिने उलटी सूची बनवतात. पुस्तकाच्या शेवटी जशी शब्दसूची असते, म्हणजे शब्द आणि त्यापुढे तो ज्या पानांवर आहे त्यांचे आकडे, तशीच ही. फरक एवढाच की पानाच्या जागी इथे दस्तऐवजाची ओळख असते. इंजिनाच्या दृष्टीने दस्तऐवज म्हणजे काही क्षेत्रे आणि एक ओळखक्रमांक. तो एसक्यूएलच्या तक्त्यातून आला, कागदावरून टंकून घेतला की दुसऱ्याच्या एपीआयमधून आला, याच्याशी इंजिनाला देणेघेणे नाही. मॉडेलचा आग्रह इंजिनाचा नाही, हेस्टॅकचा आहे. हा भेद विद्यार्थ्यांकडून फार वेळा सुटतो. मग ‘डेटाबेसशिवाय शोध करता येत नाही’ असे एक चुकीचे वाक्य प्रकल्प-अहवालात छापले जाते.

हेस्टॅकच्या बाजूने बोलायचे तर हा आग्रह आळशीपणातून आलेला नाही. प्रत्येक नोंदीची ओळख ते ‘ॲप, मॉडेल, प्राथमिक की’ अशी तीन तुकड्यांनी बनवते. शोधाचा निकाल दाखवताना या तुकड्यांवरून ते मूळ वस्तू डेटाबेसमधून आणून देते. मॉडेल जतन झाले की जँगोचा सिग्नल येतो, आणि त्यावर इंजिनातली नोंद ताजी करता येते. नोंद पुसली की दुसरा सिग्नल येतो, इंजिनातूनही ती जाते. म्हणजे ओळख, आकार, बदलाची वर्दी आणि पुसल्याची वर्दी ही चारही कामे मॉडेल गुपचूप करत असते. इंजिन बदलले, सोलरच्या जागी व्हूश आले, तरी तुमचा कोड जवळजवळ तसाच राहतो. स्वतःच्याच डेटाबेसवर चालणाऱ्या संकेतस्थळासाठी ही रचना आजही उत्तम आहे, असे माझे मत आहे.

अडचण येते ती डेटा परका असतो तेव्हा. मग लोक पळवाटा काढतात.

खोटे मॉडेल

सर्वांत लोकप्रिय पळवाट म्हणजे नावापुरते मॉडेल. मॉडेल लिहायचे, पण ‘हा तक्ता तू सांभाळू नकोस’ असे जँगोला सांगायचे. म्हणजे तक्ता तयारच होत नाही. एपीआयमधून आलेल्या प्रत्येक नोंदीसाठी स्मृतीत त्या मॉडेलची एक वस्तू बनवायची, ती कधी जतन करायची नाही, आणि थेट हेस्टॅकच्या हाती द्यायची. इंडेक्स बनताना क्षेत्रे वस्तूच्या गुणधर्मांतून वाचली जातात, त्यामुळे हे बरेचसे चालते. मांडणी करताना गंमत वाटते, प्रात्यक्षिकही पार पडते.

मग कोणीतरी निकालाच्या टेम्प्लेटमध्ये, सगळ्या शिकवण्यांत लिहिलेले असते तसे, निकालाच्या मूळ वस्तूचे शीर्षक मागते. हेस्टॅक प्रामाणिकपणे ती वस्तू आणायला डेटाबेसकडे जाते. तक्ता नाही. नोंद सापडली नाही तर हेस्टॅक ते सांभाळून घेते. पण तक्ताच नसला तर डेटाबेस थेट त्रुटी देतो आणि पान कोसळते. ‘मूळ वस्तू कधीही मागू नये, फक्त इंडेक्समध्ये साठवलेली क्षेत्रे वापरावीत’ हा नियम तोंडी सांभाळावा लागतो. तोंडी नियम पुढच्या वर्षीच्या तुकडीपर्यंत पोहोचत नाहीत.

दुसरी पळवाट याहून चलाख. जँगोचे मॉडेल नसलेला साधा पायथन वर्ग घ्यायचा आणि हेस्टॅक ज्या ज्या गोष्टी विचारते त्यांची सोंगे त्याला द्यायची: ॲपचे नाव, मॉडेलचे नाव, प्राथमिक की, आणि क्वेरीसेटसारखी मोजता येणारी, तुकडे पाडता येणारी यादी. ही सोंगे किती लागतील हे लायब्ररीचा स्रोत वाचूनच कळते, आणि पुढच्या आवृत्तीत त्यांत भर पडू शकते. शिवाय क्रॉसरेफच्या नोंदीची स्वाभाविक ओळख म्हणजे डीओआय. त्यात तिरकी रेघ असते, टिंब असते. हेस्टॅकला एखादी नोंद पुसण्यासाठी मजकुराच्या रूपात ओळख दिली, तर शेवटच्या तुकड्यात ते अक्षरे, अंक, अधोरेखा आणि जोडरेषा एवढेच स्वीकारते. डीओआय तिथे नापास होतो.

तिसरा मार्ग काही जण वापरतात तो असा: इंजिनात नोंदी थेट घालायच्या आणि वाचायला मात्र हेस्टॅक ठेवायचे. इथे एक शांत सापळा आहे. निकाल वाचताना हेस्टॅक प्रत्येक नोंदीवरचे मॉडेलचे नाव तपासते. ते नाव नोंदणीकृत नसेल तर ती नोंद निकालातून गाळली जाते आणि एकूण संख्येतूनही एक वजा होतो. त्रुटी नाही, इशारा नाही. इंजिनाच्या स्वतःच्या पडद्यावर नोंदी दिसतात आणि तुमच्या पानावर ‘काहीही सापडले नाही’ असे येते. या कोड्यावर एखादी रात्र सहज जाते.

तीनही पळवाटांत दोष एकच आहे. परका डेटा आपलाच आहे असे भासवण्यात सगळी शक्ती खर्च होते, आणि तो परका असल्यामुळे जी कामे खरोखर करायची असतात ती राहून जातात. मी तुम्हाला सुचवीन ते हे की अशा वेळी हेस्टॅक बाजूला ठेवा आणि इंजिनाच्या स्वतःच्या पायथन ग्राहकाशी बोला. कोड वाढत नाही, उलट कमी होतो. क्रॉसरेफची नोंद घ्यायची, तिचे सपाट रूप करायचे, डीओआय हीच ओळख द्यायची आणि गठ्ठ्याने इंजिनात पाठवायचे. त्याच ओळखीची नोंद पुन्हा पाठवली तर जुनीच्या जागी नवी बसते, दुहेरी होत नाही. मात्र डीओआयमध्ये लहानमोठ्या लिपीचा फरक धरला जात नाही, हे लक्षात ठेवा. इंजिन तो फरक धरते. म्हणून पाठवण्याआधी डीओआय लहान लिपीत आणला नाही, तर एकच निबंध दोनदा दिसेल.

‘सपाट रूप’ म्हणताना मी ते हलक्यात घेत नाही. क्रॉसरेफच्या नोंदीत शीर्षक ही यादी असते, एकच मजकूर नसतो. सारांश असेलच असे नाही, आणि असला तर त्यात एक्सएमएलच्या खुणा मिसळलेल्या असतात. त्या न काढता इंडेक्स केल्या तर खुणांची नावेही शोधात सापडू लागतात. प्रकाशनाच्या तारखेत कधी फक्त वर्ष असते. हे सगळे कुठेतरी एका जागी, एका फंक्शनमध्ये लिहिलेले असावे लागते. त्यालाच मी मॉडेल म्हणेन, जरी त्याच्यामागे तक्ता नसला तरी. ‘मॉडेल नाही’ याचा अर्थ ‘आकार ठरवण्याची गरज नाही’ असा घेणारे प्रकल्प तिसऱ्या महिन्यात अडकलेले मी पाहिले आहेत.

आलेले कच्चे जेसनही फेकू नका. पुढे शब्द तोडण्याची पद्धत बदलावीशी वाटली तर पूर्ण इंडेक्स नव्याने बांधावा लागतो. इलॅस्टिकसर्च मूळ दस्तऐवज स्वतःजवळ ठेवते, त्यावरून नवा इंडेक्स बांधता येतो. पण जागा वाचवायला ती साठवण बंद केली असेल, किंवा दुसऱ्या इंजिनात क्षेत्रे फक्त शोधासाठी नोंदवून साठवली नसतील, तर सगळा डेटा पुन्हा परक्या दारात जाऊन मागावा लागतो. शंभर-शंभरच्या पानांनी दोन लाख नोंदी, सेकंदाला एक विनंती, म्हणजे २००० सेकंद. अर्ध्या तासाहून अधिक, आणि तेही सगळे सुरळीत चालले तर. साध्या फाइलींत, दिवसाच्या नावाने, कच्चे जेसन ठेवले तरी पुरते.

जे गेले त्याची वर्दी कोण देणार?

आता या विषयातल्या सर्वांत अवघड जागी येऊ. शोध बिघडतो तो बहुतेक वेळा नव्या नोंदी न आल्यामुळे नाही. जुन्या न गेल्यामुळे बिघडतो.

बदलांची सोय क्रॉसरेफ देते. अमुक तारखेनंतर त्यांच्याकडे पुन्हा इंडेक्स झालेल्या नोंदीच द्या, असे सांगता येते. रोज रात्री एवढ्याच मागवल्या की झाले, असे वाटते. पण तुम्ही गाळणी कोणती लावली आहे ते पाहा: प्राध्यापकांचे ऑर्किड क्रमांक. समजा एका निबंधावर चुकून तुमच्या प्राध्यापकांचा क्रमांक पडला होता आणि प्रकाशकाने तो दुरुस्त केला. नोंद बदलली खरी; पण बदललेली नोंद आता तुमच्या गाळणीत बसतच नाही. ती तुमच्या रात्रीच्या यादीत कधीच येणार नाही. तुमच्या इंडेक्समध्ये मात्र ती जुन्या रूपात राहील, वर्षानुवर्षे. बदलांची यादी ‘काय आले’ हे सांगते. ‘काय निघून गेले’ हे ती सांगू शकत नाही.

उपाय म्हणजे अधूनमधून पूर्ण फेरी. प्रत्येक फेरीला एक क्रमांक द्यायचा, फेरीत भेटलेल्या प्रत्येक नोंदीवर तो लिहायचा, आणि शेवटी ज्यांच्यावर तो नाही त्या पुसायच्या. स्वतःच्या मॉडेलवर चालताना हेस्टॅकची इंडेक्स ताजा करण्याची आज्ञा, सांगितल्यास, हेच करते: डेटाबेसमधल्या की आणि इंडेक्समधल्या की ताडून उरलेल्या काढते. परक्या डेटासाठी हे झाडू मारण्याचे काम आपले.

इथे मी एकदा तोंडघशी पडलो, म्हणून सांगतो. एका महाविद्यालयासाठी असाच शोध केला होता. एका रात्री पहिली तीन पाने आली, चौथ्या पानाची विनंती वेळ संपून पडली. माझ्या कोडने ती त्रुटी पकडली, नोंदवहीत एक ओळ लिहिली आणि शहाण्यासारखा पुढे गेला, म्हणजे पुसण्याच्या पायरीकडे. सकाळी ग्रंथपालबाईंनी विचारले की निम्म्याहून अधिक प्राध्यापकांनी काल रात्री राजीनामे दिले का. त्रुटी पकडणे म्हणजे ती हाताळणे नव्हे, हे मी वर्गात कितीदा सांगितले होते! आता माझा नियम असा आहे की शेवटचे पान आल्याची खात्री झाल्याशिवाय पुसायचे नाही, आणि एका फेरीत ठरावीक वाट्याहून अधिक नोंदी पुसल्या जाणार असतील तर थांबून माणसाला विचारायचे. याहून सुरक्षित रीत म्हणजे नवा इंडेक्स बाजूला पूर्ण बांधणे आणि तो तपासून झाल्यावर टोपणनाव जुन्यावरून नव्याकडे वळवणे. इलॅस्टिकसर्चमध्ये हे एका विनंतीत होते, आणि शोधणाऱ्याला मधला गोंधळ दिसत नाही.

पण शोधनिबंधांच्या बाबतीत ‘गेले’ याचा आणखी एक अर्थ आहे, आणि त्याची किंमत तुम्ही विद्यार्थीच मोजता. निबंध मागे घेतला जातो. तो पुसला जात नाही, डीओआय तसाच राहतो. ‘लॅन्सेट’मध्ये १९९८ साली आलेला, १२ मुलांवरच्या निरीक्षणांवर उभा असलेला आणि एमएमआर लसीविषयी जगभर भीती पसरवणारा अँड्र्यू वेकफिल्ड आणि सहकाऱ्यांचा निबंध तुम्हाला ठाऊक असेल. तो फेब्रुवारी २०१० मध्ये मागे घेण्यात आला. आता असा विचार करा: २००९ साली कोणीतरी त्याची नोंद आपल्या इंडेक्समध्ये घेतली आणि नंतर पूर्ण फेरी केली नाही. २०११ साली एक विद्यार्थिनी तिथे लस आणि आतड्याचे विकार हे शब्द टाकते. इंजिन शब्दांची वारंवारता आणि दुर्मीळता मोजते, आणि हा निबंध वर आणून ठेवते. इंजिनाचे काही चुकले नाही. चूक त्याची आहे ज्याने इंडेक्सला ‘डेटा’ समजले आणि तो एका दिवसाचा फोटो आहे हे विसरला.

पूर्ण फेरी केली तरी प्रश्न संपत नाही. काही प्रकाशक मूळ शीर्षकाआधी ‘मागे घेतला’ अशी खूण लावतात, सगळे लावत नाहीत. मागे घेतल्याची नोटीस ही क्रॉसरेफमध्ये स्वतंत्र नोंद असते, आणि आपण कोणत्या डीओआयला लागू आहोत हे ती सांगते. त्या नोटिशीवर तुमच्या प्राध्यापकांचा ऑर्किड क्रमांक असण्याचे काही कारण नाही. म्हणजे तुमच्या गाळणीतून ती येणारच नाही. ती वेगळी मागवावी लागते. अमुक डीओआयवर परिणाम करणाऱ्या नोटिशी द्या, असे विचारण्याची सोय एपीआयमध्ये आहे. २०२३ मध्ये क्रॉसरेफने ‘रिट्रॅक्शन वॉच’चा मागे घेतलेल्या निबंधांचा संग्रह घेऊन तो खुला केला, त्यामुळे प्रकाशकाने नोटीस नीट नोंदवली नसली तरी आता दुसरा आधार आहे.

तांत्रिक अंगाने पाहा. एका नोंदीची माहिती दुसऱ्या नोंदीत आहे. डेटाबेसमध्ये याला आपण संबंध म्हणतो आणि तो जोडणीने सोडवतो. मॉडेल टाकून दिले म्हणून संबंध नाहीसा झाला नाही; फक्त तो लिहायची जागा गेली. मग अनेक जण नोटीस मिळताच मूळ दस्तऐवजावर ‘मागे घेतला’ अशी खूण करतात. ठीक. पण पुढच्या रात्री मूळ नोंद पुन्हा आली की ती खूण असलेल्या दस्तऐवजावर बसते आणि खूण पुसून टाकते. म्हणून नोटिशींची यादी वेगळी ठेवा आणि प्रत्येक वेळी दस्तऐवज बनवताना ती पाहा. जुनी नोंद उशिरा येऊन नव्या नोंदीवर बसू नये यासाठी इलॅस्टिकसर्चमध्ये बाहेरून आवृत्तीक्रमांक देता येतो. आलेला क्रमांक साठवलेल्यापेक्षा मोठा असेल तरच नोंद स्वीकारली जाते. क्रॉसरेफच्या नोंदीत ती केव्हा इंडेक्स झाली त्याचा कालांक असतो, तोच वापरा. फक्त मूळ नोंद न बदलता नुसती नोटीस आली, तर कालांक तोच राहतो आणि तुमची खूण नाकारली जाते. तेवढ्यापुरता क्रमांक तुम्हाला ठरवावा लागेल.

निकालाच्या पानावर ‘ही नोंद अमुक दिवशी घेतली’ अशी एक बारीक ओळ असावी, असा माझा आग्रह असतो. ती लिहायला इंडेक्समध्ये एक क्षेत्र पुरते.

मग दरवेळी थेटच का विचारू नये?

हा प्रश्न वर्गात नेहमी येतो. इंडेक्स ठेवलाच नाही, वापरकर्त्याने शब्द टाकला की तो एपीआयकडे पाठवला, तर शिळेपणाचा प्रश्नच नाही. एकच स्रोत असेल आणि त्याचा स्वतःचा शोध चांगला असेल, तर हे जरूर करा. अनेक स्रोत असतील तर ग्रंथालयांचा अनुभव वाचा. झेड३९.५० या मानकाच्या आधारे त्यांनी अनेक सूचींना एकाच वेळी विचारण्याची यंत्रणा उभारली होती. उत्तर सर्वांत हळू सूचीच्या वेगाने येई, आणि वेगवेगळ्या सूचींनी आपापल्या पद्धतीने लावलेला क्रम एकत्र कसा लावायचा, याला चांगले उत्तर नव्हते.

२००१ साली ओएआय-पीएमएच हा नियमसंच आला तो उलट्या दिशेने: नोंदी आधी गोळा करा, शोध आपल्याकडे चालवा. त्यात सहाच आज्ञा आहेत. मला त्यातली सर्वांत आवडणारी गोष्ट छोटी आहे. प्रत्येक भांडाराला आपली ओळख देताना सांगावे लागते की पुसलेल्या नोंदींची खूण आपण ठेवत नाही, काही काळ ठेवतो, की कायम ठेवतो. म्हणजे ‘जे गेले त्याची वर्दी’ हा प्रश्न एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच कोणाच्या तरी लक्षात आला होता आणि त्यांनी तो करारात लिहिला. आजच्या बहुतेक जेसन एपीआयमध्ये हे वाक्य नसते. आपल्या देशात आयआयटी खरगपूरने उभारलेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय याच वळणाचे आहे: नोंदी एकत्र, मूळ मजकूर ज्याचा त्याच्याकडे. ‘मॉडेलशिवाय शोध’ ही नव्या चौकटींची समस्या आहे असे समजू नका. ग्रंथपाल ती तुमच्या-माझ्या आधीपासून सोडवत आले आहेत.

आपल्या लिपीत

तुमच्यापैकी अनेक जण मराठी, हिंदी किंवा बांगला नोंदी शोधणार असाल, म्हणून एवढे सांगितल्याशिवाय थांबता येत नाही. पदवीच्या प्रकल्पांत हेस्टॅकसोबत सर्रास व्हूश वापरतात, कारण ते शुद्ध पायथनमध्ये आहे आणि वेगळा सर्व्हर लागत नाही. त्याची नेहमीची पद्धत पायथनच्या ‘शब्दातले अक्षर’ या नियमाने शब्द तोडते. त्या नियमात काना, मात्रा, वेलांटी आणि हलन्तचिन्ह बसत नाहीत. ‘मराठी’चे ‘मर’ आणि ‘ठ’ असे दोन तुकडे होतात. एका अक्षराचा तुकडा फेकला जातो. उरते ‘मर’. ‘मराठा’चेही तेच, ‘मरुत’चेही तेच. ‘पाणी’ आणि ‘शेती’ यांचे तर काहीच उरत नाही. शेतीवरच्या ग्रंथसंग्रहात ‘शेती’ टाकल्यावर शून्य निकाल येतात. एसक्यूलाइटच्या एफटीएस५ मध्येही नेहमीची तोडणी मात्रांना विभाजक समजते. तिथे तुकडे फेकले जात नाहीत, त्यामुळे काहीतरी सापडते. पण ‘दिन’, ‘दान’ आणि ‘दून’ हे तिला एकच वाटतात. तक्ता बनवताना मात्रांचे युनिकोड वर्ग शब्दात धरायला सांगितले की हे सुटते.

इलॅस्टिकसर्च मात्रा नीट सांभाळते. त्याच्या तयार भाषांच्या यादीत हिंदी आणि बांगला आहेत, मराठी नाही. मग लोक मराठीला हिंदीची पद्धत लावतात. हिंदीत ‘घर में’ हे दोन शब्द. मराठीत ‘घरात’ हा एक. हिंदीचे प्रत्यय छाटणारे साधन ‘घरात’ला हात लावत नाही आणि ‘घराला’चे ‘घराल’ करते. शिवाय हिंदीसाठीचे सामान्यीकरण दीर्घ वेलांटी-उकार ऱ्हस्व करते. ‘सुत’ आणि ‘सूत’ एक होतात. आणि मराठीचे खास दुखणे: ‘दुसऱ्या’ मधला अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिला जातो, एकदा ऱ हे अक्षर आणि हलन्त वापरून, एकदा साधा र, हलन्त आणि न दिसणारे जोडचिन्ह वापरून. डोळ्याला दोन्ही सारखे, इंजिनाला वेगळे. युनिकोडचे नेहमीचे एकरूपीकरण हे दोन एक करत नाही. आकार ठरवणाऱ्या त्या फंक्शनमध्ये तुम्हालाच करावे लागते. शोधाच्या चौकटीत टाकलेल्या शब्दावरही तेच फंक्शन चालवा.

करून पाहा

क्रॉसरेफमधून तुमच्या आवडीच्या विषयाच्या ५०० नोंदी घ्या, कच्चे जेसन फाइलीत ठेवा आणि कोणतेही मॉडेल न लिहिता इंडेक्स बांधा. मग फाइलीतल्या दहा नोंदी हाताने काढा, पाचांची शीर्षके बदला, एकीचा डीओआय मोठ्या लिपीत लिहा आणि फेरी पुन्हा चालवा. इंडेक्समध्ये ४९० नोंदी असायला हव्यात. तिसऱ्यांदा चालवताना मध्येच नेटची जोडणी तोडा किंवा अर्धीच फाइल द्या, आणि आकडा पुन्हा मोजा.